बोगनवेलीला ताण देताना

सोलापुरात आमच्या सोसायटीला पश्चिमेकडून, रस्त्याच्या बाजूने, जवळजवळ दोनशे फूट लांब कंपाउंडची भिंत आहे. तिच्या आतल्या अंगाला बिल्डरने ड्युरांटाचं पिवळट हिरवं कुंपण लावून दिलं होतं. ताबा घेताना ते फार छान दिसलं. नंतर दर मार्चमध्ये ते कडेने करपायला लागायचं, मे महिन्यात नुसत्या काटक्या उरायच्या आणि जुलैत माळी पुन्हा नवी रोपं आणून लावायचा. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नव्हतं, चार-पाच दिवसांआड यायचं. उन्हाळ्यात टँकर मागवावाच लागायचा. तेव्हा मोठ्या टँकरचे दोन हजारांच्या आसपास जायचे, आणि त्यातला बराचसा भाग या कुंपणाच्या मुळाशी ओतला जायचा.

कमिटीत महिलांसाठी राखीव असलेली जागा रिकामी होती म्हणून माझं नाव घातलं गेलं आणि मे २०२२मध्ये हिशेबाच्या फाइली माझ्या टेबलावर आल्या. ‘उद्यान’ या शीर्षाखालचा टँकरचा आकडा पाहून मी खजिनदारांना विचारलं, की हे आपण नक्की कशासाठी करतोय? ते म्हणाले, “वहिनी, दरवर्षी करतो म्हणून करतो.” पुढे जे तीन-साडेतीन वर्षं चाललं त्याची सुरुवात या उत्तरातून झाली. एखाद्या सोसायटीला कमी पाण्यावर तगणारं बोगनवेलीचं कुंपण करायचं असेल तर आमची वाट माहीत असलेली बरी, म्हणून हे सगळं तारखांसकट लिहितेय.

उन्हाळाभर संध्याकाळी चालायला जाताना कमी पाण्यावर काय तगतं ते बघत होते. हायवेच्या दुभाजकात कण्हेर होती. पण कण्हेर मुळापासून फुलापर्यंत विषारी, आणि आमच्याकडे हाताला लागेल ते तोंडात घालणारी पोरं भरपूर. घायपात टिकते, पण दोनशे फूट घायपात म्हणजे शेताचा बांध. पिवळा टेकोमा मला आवडत होता, पण तो बुंध्याशी उघडा पडतो, भिंत झाकत नाही. एका बंद पडलेल्या बंगल्याच्या फाटकावर मात्र राणी रंगाची बोगनवेल ऐन मेमध्ये फुललेली होती. त्या बंगल्यात पाणी घालायला माणूसच नव्हता. माझं ठरलं.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, आमची महिनाअखेरीस झाली. विषयपत्रिकेत हा विषय आधीच घालून घेतला होता. हे करायला विसरू नका, ‘आयत्या वेळचे विषय’मध्ये खर्चाचा विषय आणला की कुणीतरी हरकत घेतंच. हरकती तरीही आल्या. काटेरी झाड दारात नको, वास्तूला चालत नाही, ही पहिली. त्यावर सेक्रेटरी म्हणाले, की ही भिंत कुणाच्याच दारात नाही, तिच्यापलीकडे गटार आहे. दुसरी हरकत सापांची. खाली दाट जाळी झाली तर साप बसेल, हे खरं आहे. म्हणून जमिनीपासून दीड फूट बुंधा मोकळा ठेवायचा असं ठरावातच लिहिलं. तिसरी हरकत सगळ्यांत कामाची होती आणि ती आमच्यातल्या एका निवृत्त सिव्हिल इंजिनिअर काकांनी घेतली. भिंत साडेचार इंची विटेची आहे, मोठ्या झालेल्या बोगनवेलीचं वजन तिच्यावर टाकलं आणि वारा सुटला तर भिंत रस्त्यावर जाईल. मुळांची भीती नाही, ती काही वड-पिंपळासारखी भिंत फोडत नाहीत, पण वरचा पसारा जड होतो. त्यामुळे भिंतीपासून वेगळे लोखंडी अँगल आणि त्यांवर तार, हा खर्च त्याच दिवशी अंदाजात धरला. एकूण चाळीस हजारांपर्यंत मंजुरी मिळाली. सिंकिंग फंडाला, म्हणजे इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी राखलेल्या पैशाला, हात लावायचा नाही, या अटीवर.

मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, की झाडं भिंतीबाहेर लावली तर? आतली पार्किंगची जागा वाचेल. बाहेरची पट्टी आपली नाही, रस्त्याची आहे. त्यासाठी लेटरहेडवर अर्ज, ठरावाची प्रत, जागेचा हाताने काढलेला नकाशा, चार फोटो, असं सगळं संबंधित कार्यालयात आवक करून दिलं. आवक क्रमांकाचा शिक्का आपल्या प्रतीवर मारून घ्या, पुढे प्रत्येक वेळी तोच आकडा विचारतात. दिवाळीनंतर पाहणीला माणूस आला. त्याने सांगितलं, की या बाजूने गटाराचं रुंदीकरण प्रस्तावित आहे, लावाल ते काढावं लागेल. तेच लेखी मागितलं आणि मिळालं. ते पत्र मी लॅमिनेट करून ठेवलंय, कारण आजही कुणीतरी नवीन सभासद येऊन बाहेर का लावलं नाही म्हणून विचारतो.

जानेवारी २०२३मध्ये कोटेशनं मागवली. तीन आली. एकाने रोपांवर १८ टक्के जीएसटी लावला होता. जिवंत रोपांवर जीएसटी नाही. खड्डे, लागवड, देखभाल हे काम कंत्राटाने दिलं तर त्या सेवेचा कर वेगळा. आमच्या ऑडिटरने हे नजरेला आणून दिलं, आणि आम्ही रोपं, मजुरी आणि लोखंड अशी तिन्ही कामं वेगवेगळी केली. बिलं जास्त झाली, पैसे बरेच वाचले.

रोपांसाठी आम्ही पुणे रस्त्याने उरुळी कांचन, सोरतापवाडीच्या पट्ट्यात गेलो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना नर्सऱ्या आहेत, मन भरकटतं. तिथे बोगनवेलीची नावं विचारलीत तर बहुतेक ठिकाणी रंग सांगतात: राणी, लाल, केशरी, पांढरा, ‘डबल’. थोडी माहिती असलेला माणूस भेटला की मेरी पामर, थिम्मा, महारा ही नावं ऐकू येतात. मेरी पामरला एकाच झाडावर पांढरी आणि राणी रंगाची फुलं येतात. थिम्माच्या पानावर मधोमध पिवळा पट्टा असतो. दोन्ही देखण्या आहेत. पण आम्हाला दोनशे फूट भिंतीसाठी आडदांड झाड हवं होतं, संग्रह करायचा नव्हता. डबल फुलांची महारा मी मुद्दाम टाळली. तिचे वाळलेले गुच्छ सहजासहजी गळत नाहीत, तपकिरी होऊन फांदीवरच लोंबत राहतात, आणि ते तोडत बसायला आमच्याकडे कुणी नाही. शेवटी बहुतेक राणी रंगाची साधी आणि मध्येमध्ये थोडी लाल, मिसेस बट म्हणतात ती, अशी निवड केली. आठ इंची पिशवीतलं, दीड-दोन फूट उंचीचं रोप १३० रुपयांना पडलं. चारशे-पाचशेची फुललेली झाडंही होती. फुललेलं झाड घेऊ नका असं नाही, निदान रंग तरी खात्रीने कळतो. पण गाडीत हेलकावे खाऊन ते फुलं टाकतं आणि मग घेणारा उगाच खचतो. रोपं लगेच उचलली नाहीत, थोडा ॲडव्हान्स देऊन जूनअखेरपर्यंत तिथेच ठेवायला सांगितली.

जे रंगीत दिसतं ते बोगनवेलीचं फूल नव्हे, हे तिथल्या माणसानेच दाखवलं. तीन रंगीत पानं असतात, कागदासारखी, आणि त्यांच्या पोटात तीन बारीक पांढऱ्या नळ्या. त्या नळ्या म्हणजे फूल. गुलबक्षी आणि घेटुळी, म्हणजे पुनर्नवा, ही तिची आपल्याकडची भावंडं, एकाच कुळातली. रंगही बीटाच्या जातीचा, जास्वंदीच्या नव्हे. मूळ घर दक्षिण अमेरिकेत. १७६७मध्ये रिओ दि जानेरोजवळ फ्रेंच जहाजावरच्या कोमर्सों या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती ती लागली आणि त्या मोहिमेच्या प्रमुखाचं, बूगेनव्हिलचं, नाव तिला मिळालं. कोमर्सोंची मदतनीस जान बारे पुरुषाच्या वेशात त्याच्याच जहाजावर होती, कारण बायकांना जहाजावर मनाई होती. पृथ्वीप्रदक्षिणा केलेली ती पहिली स्त्री. प्रमुखाचं नाव प्रत्येक फाटकावर चढलं आणि तिला कुणी ओळखत नाही, याचा मला दर वेळी राग येतो. असो.

एप्रिलमध्ये खड्डे घेतले. दोन बाय दोन बाय दोन फूट, सात-सात फुटांवर, भिंतीपासून दोन फूट सोडून, असे २८. जेसीबीचा मोह झाला होता, पण त्या पट्टीतून पाण्याची पाइप आणि केबल जाते, म्हणून माणसं लावली. खड्ड्यामागे दीडशे रुपये. वरचा फूटभर बांधकामाचा राडारोडा आणि खाली चिक्कण काळी माती निघाली. एका खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतून पाहिलं, दुसऱ्या दिवशी सकाळी तळाला पाणी तसंच होतं. लागवडीआधी ही चाचणी प्रत्येकाने करावी. बोगनवेल उन्हाने मरत नाही, मुळाशी पाणी साचलं की मरते.

खड्डे मे महिनाभर उन्हात तापू दिले. मग एक ब्रास, म्हणजे शंभर घनफूट, मुरूम, ट्रॉलीभर कुजलेलं शेणखत आणि निघालेल्या काळ्या मातीतली निवडून घेतलेली निम्मी माती एकत्र करून भरले. मुरूम, माती, खत साधारण सारख्या वाट्याने. भरताना जमिनीच्या वर फूटभर वरंबा ठेवला. माळ्याला आळी करायची होती. त्याला समजवायला वेळ लागला, की इथे उलटं करायचंय, पाणी थांबवायचं नाही, घालवायचंय. अँगल आणि बारा गेजची जीआय तार याच काळात बसवून घेतली. या सगळ्या खेळात सर्वांत मोठं बिल तेच, चौदा हजारांचं. कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाखाली झाड लावायचं नाही, असं लाइनमनने जाता जाता सांगितलं होतं. तो तुकडा मोकळा सोडला.

२०२३चा पाऊस आठवत असेल तर पुढचं सांगायला नको. जून जवळजवळ कोरडा गेला. नर्सरीतून फोन येत होते, की ताई रोपं कधी नेताय? पहिला बरा पाऊस जूनच्या शेवटी झाला आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात ‘छोटा हत्ती’तून रोपं आली, भाडं अडीच हजार. लावताना एकच गोष्ट मी सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगत होते: पिशवी ब्लेडने उभी कापा, मातीचा गोळा फुटू देऊ नका, मुळं मोकळी करायला जाऊ नका. बोगनवेलीची मुळं बारीक आणि ठिसूळ असतात. गुलाबाला जे चालतं ते हिला चालत नाही. पिशवीत जेवढी खोल होती तेवढीच खोल ठेवली आणि बांबूला सैल बांधली.

आणि ऑगस्ट आला. पाऊसच नाही. देशात शंभरावर वर्षांत इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. ‘दुष्काळी झाड आहे ना, मग पाणी कशाला?’ असा मेसेज ग्रुपवर पडला. तर, दुष्काळात तगण्याचा गुण मूळ खोल गेल्यावर येतो. पहिलं वर्ष तिला इतर कुठल्याही रोपासारखंच सांभाळावं लागतं. पहिला महिना दोन-तीन दिवसांआड, मग आठवड्यातून एकदा, पण दिलं की भरपूर, म्हणजे पाणी खाली उतरतं आणि मूळही त्याच्यामागे जातं. रोज तांब्याभर दिलं तर मुळं वरच घोटाळतात. टँकर त्या वर्षीही मागवला. सभेत दिलेल्या आकड्यापेक्षा पाण्याचा खर्च कमी झाला नाही, हे सप्टेंबरच्या सभेत तसंच सांगितलं. तिथे चेहरे पडले होते.

काही झाडांची पानं पिवळी पडली, शिरा मात्र हिरव्या. आमच्या बोअरचं पाणी जड आणि माती चुनखडीची, त्यात लोह असून झाडाला मिळत नाही. कृषी सेवा केंद्रातून हिराकस, म्हणजे लोहाचं सल्फेट, आणला, लिटरला पाच ग्रॅम, वर थोडं लिंबू पिळून, आणि संध्याकाळी पानांवर फवारला. मातीत घालून उपयोग नसतो, चुनखडी तो तिथेच अडकवते. दोन-तीन आठवड्यांनी नवी पानं हिरवी आली. हिवाळ्याच्या शेवटी शेंड्यांवर पिठ्या ढेकूण ही रस शोषणारी कीड दिसली. पाण्याचा जोरदार फवारा, मग लिटरला पाच मिली निंबोळी तेल आणि चिमूटभर साबण, आठवड्याने पुन्हा तेच. याहून जहाल काही लागलं नाही.

त्या वर्षी उजनी धरण भरलं नाही, आणि २०२४च्या उन्हाळ्यात ते उणे साठ्यात, म्हणजे नेहमीच्या वापराच्या पातळीखाली, गेलं. पाण्याचे दिवस आणखी लांबले. झाडं आता नऊ-दहा महिन्यांची होती. कमिटीने ठरवलं, की टँकरचा एक थेंबही बागेला नाही. मला झोप लागत नव्हती हे कबूल करते. लोकांनी मात्र परस्पर सोय केली. ज्यांची घरं तळमजल्यावर, फाटकाजवळ, ते भाज्या धुतलेलं पाणी, आरओचं वाया जाणारं पाणी बादल्यांनी आणून घालायला लागले. आजीलोकांचा तर संध्याकाळचा तो कार्यक्रमच झाला. पलीकडच्या टोकाला, जनरेटरच्या मागे, कुणी जात नसे.

एप्रिलमध्ये जनरेटरमागची झाडं फुलली. अर्धी पानं गळालेली, फांद्या उघड्या, आणि शेंड्यांवर राणी रंगाचे झुबके. फाटकाजवळची, लाडाकोडाची झाडं हिरवीगार, सहा-सहा फूट वाढलेली, फूल एकही नाही. एका काकांनी ती नर झाडं असतील असा शोध लावला.

आमचे वॉचमन मामा सांगोल्याकडचे. घरची डाळिंबाची बाग होती. ते एके सकाळी मला पलीकडच्या टोकाला घेऊन गेले आणि म्हणाले, “ताई, हे डाळिंबागतच हाय बघा. ताण दिल्याबिगर कळी निघत न्हाई. म्हाताऱ्या बादल्या वतत्यात तवर नुसता पाला यील.” डाळिंबवाले बहर धरायचा असेल तेव्हा महिना-दीड महिना बागेचं पाणी तोडतात, तोच ताण. झाड पानं टाकतं, मग हलकी छाटणी, खत, पाणी, आणि कळी सुटते. हे मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण शोभेच्या झाडाशी त्याचा काही संबंध असेल असं कधी वाटलं नव्हतं. बागकामाच्या कुठल्याही व्हिडिओपेक्षा मामांची ती दोन वाक्यं मला जास्त उपयोगी पडली.

त्या उन्हाळ्यात एकही झाड मेलं नाही.

२०२४चा पावसाळा उत्तम झाला, उजनी भरलं, आणि आमच्या भिंतीवर हिरवा डोंगर चढला. सप्टेंबरच्या सभेत अपेक्षेप्रमाणे प्रश्न आला: फुलं कधी? मी मामांना सभेत बोलवलं. वॉचमनने सभेत बोलायचं का, यावर आधी पाच मिनिटं गेली, मग ते बोलले. शेंडे खुडायचे, नत्राचं खत बंद करायचं आणि पाऊस उघडला की पाणी पूर्ण तोडायचं, असं ठरलं. माळी तोपर्यंत हिरवळीला टाकताना उरलेला युरिया या झाडांनाही देत होता, ते थांबवलं. नत्राने पाला वाढतो. त्याऐवजी झाडामागे मूठभर सिंगल सुपर फॉस्फेट आणि थोडं पोटॅश दिलं.

ऑक्टोबरमध्ये नोटीस बोर्डवर लागलं: ‘कंपाउंडच्या झाडांना पुढील सूचनेपर्यंत पाणी घालू नये. आदेशावरून, व्यवस्थापक कमिटी.’ बागेच्या नळाला कुलूप. या नोटिशीवरून जेवढं बोलणं मी ऐकलं तेवढं मेंटेनन्स वाढवला तेव्हाही ऐकलं नव्हतं. मुकं झाड तहानलेलं ठेवणं पाप आहे, असं एका आजींनी मला लिफ्टमध्ये सुनावलं. त्यांची गैरसमजूत दूर करण्याचा नाद मी सोडला आणि त्यांना तुळशीच्या कट्ट्याचं पाणी सोपवलं. कुणी तरी रात्री बादली ओतत होतंच, ओली माती सकाळी दिसायची. मामांनी कोण ते कधी सांगितलं नाही.

किती ताण द्यायचा हे तारखेवर ठरत नाही, पानावर ठरतं. दुपारी पान मलूल होऊन संध्याकाळी सावरत असेल तर अजून थांबायचं. सकाळीही पान लोंबलेलंच असेल तर पुरे झालं. काळ्या मातीत ओल जास्त दिवस टिकते, त्यामुळे आमच्याकडे त्याला महिना लागला. कुंडीत हेच चार-सहा दिवसांत होतं, म्हणून गच्चीवरच्या झाडाला महिनाभर ताण देऊ नका, ते मरेल. पानं गळायला लागल्यावर नोव्हेंबरच्या मध्यात एकदा भरपूर पाणी दिलं. हिवाळ्यात दिवस लहान असतात, तेही बोगनवेलीला कळी धरायला मानवतं. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात शेंड्यांवर रंग दिसला आणि संक्रांतीपर्यंत भिंत दिसेनाशी झाली. मेपर्यंत एकामागून एक लाटा येत राहिल्या, प्रत्येक दोन लाटांमध्ये थोडी विश्रांती. रस्त्याने जाणारे थांबून फोटो काढायला लागले आणि भिंतीला लागून गाड्या लावणं वाढलं. ती वेगळी तक्रार सध्या चालू आहे.

आता छाटणी, म्हणजे सगळ्यांत कटकटीचा भाग. फुलं नव्या फुटव्याच्या टोकाला येतात, म्हणून छाटणी टाळून चालत नाही. मोठी छाटणी जूनमध्ये, उन्हाळी बहर संपल्यावर. हलकी, नुसते शेंडे, सप्टेंबरच्या सुमारास. त्यानंतर कात्री लावली तर कळ्याच कापल्या जातात. द्राक्षबागेत वापरतात तो चांगला सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, घ्या, आम्हाला सहाशे-सातशेला पडला. वेल्डर वापरतात तसे कोपरापर्यंतचे चामडी हातमोजे घ्या, बागकामाचे कापडी मोजे हा काटा सरळ पार करतो. २०२५च्या जूनमध्ये माळ्याच्या बोटात काटा मोडून राहिला आणि बोट सुजलं. डॉक्टर, धनुर्वाताचं इंजेक्शन, दोन दिवसांची पगारी रजा. तेव्हापासून छाटणीच्या दिवशी जाड तळाचे बूटही सक्तीचे केले, कारण खाली पडलेल्या फांद्या स्लिपरमधून घुसतात.

छाटलेला माल हा दुसरा प्रश्न. घंटागाडीवाला काटेरी फांद्या घेत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे, त्याला हातानेच उचलावं लागतं. खतात टाकल्या तर पानं कुजतात, काटे राहतात. आम्ही फांद्या हातभर लांबीच्या कापून, पोत्यात दाबून, भाड्याच्या टेंपोने बागेच्या कचऱ्याच्या ठिकाणी पाठवतो, एका वेळचे बाराशे ते पंधराशे. यातल्याच पेन्सिलइतक्या जाड, वीतभर लांब काड्या बाजूला काढून, खालच्या टोकाला मुळं फुटायची पावडर लावून, वाळू आणि कोकोपीटमध्ये सावलीत खोवल्या. पावसाळ्यात दीड-दोन महिन्यांत मुळं धरतात. सगळ्या जगत नाहीत, लाल तर फारच हट्टी निघाली. पण राणी रंगाची बरीच रोपं झाली आणि सभासदांनी नेली. गच्चीवर लावणाऱ्यांनी बारा इंची कुंडी पुरे समजावी. मुळं थोडी दाटलेली असली की फूल जास्त येतं, आणि निदान पाच-सहा तासांचं थेट ऊन नसेल तर बोगनवेलीचा हट्ट न केलेला बरा.

सप्टेंबर २०२५मध्ये सोलापूर जिल्ह्याने सीनेचा पूर पाहिला. शहरातल्या आमच्या आवारात नदी आली नाही, पण पाऊस असा झाला की उताराच्या कोपऱ्यात पाणी तुंबून राहिलं. तिथला वरंबा दोन वर्षांत दबून जमिनीला लागला होता. कोपऱ्यातली दोन झाडं बुंध्याशी कुजली. त्यांतलं एक जनरेटरमागचं, सगळ्यांत आधी फुललेलं. उरलेल्या झाडांचे वरंबे मुरूम टाकून पुन्हा चढवून घेतले आणि भिंतीला तळाशी पाणी निघायला भोकं पाडली. हे काम लागवडीच्या वेळीच करता येतं आणि स्वस्तात होतं. रिकाम्या दोन जागांवर आमच्याच काड्यांची रोपं लावली आहेत.

खर्चाचं विचारतात म्हणून: रोपं ३,६४० रुपये, भाडं २,५००, खड्डे ४,२००, तार-अँगल चौदा हजार, मुरूम आणि खत मिळून पाच हजारांच्या आसपास. म्हणजे तीस हजारांच्या आत, मंजुरीपेक्षा कमी. २०२४पासून कुंपणासाठी टँकर नाही. छाटणी आणि माल उचलणं धरून वर्षाला सहा-सात हजार जातात, आणि हा खर्च आम्ही मूळ ठरावात धरलाच नव्हता. त्यामुळे दर जूनला कमिटीची बैठक घेऊन वेगळी मंजुरी काढावी लागते. ठराव करताना लागवडीच्या खर्चाच्या खालीच ‘वार्षिक छाटणी, सुरक्षा साहित्य व वाहतूक’ अशी एक ओळ घालून घ्या. आमची ती ओळ येत्या सभेच्या विषयपत्रिकेत सातव्या क्रमांकावर आहे, पार्किंगच्या तक्रारीच्या आधी.